ड्रॉवरमधलं शून्य

बंद दार दिसलं की श्यामलाताई त्यावर कमरेच्या उंचीला बोटाच्या पेराने टकटक करायच्या. दारात शिशाचा पत्रा असेल तर आवाज बसका येतो. बँकेच्या दारावरही करायच्या.

खोलीत शिरल्या की पावलं मोजायच्या. ओठ हलायचे नाहीत. नजर जमिनीवर असायची.

कागदावर आधी तारीख, मग बाकीचं. भाजीच्या यादीवरसुद्धा.

शाल, टॉवेल, साडी, कशाचीच घडी करायच्या नाहीत. गुंडाळून ठेवायच्या.

दवाखान्यात चहा आला की पहिला कप एक्स-रे काढणाऱ्या मुलीला. डॉक्टर समोर बसलेले असले तरी.

एसटीत चार इंची पाइपचे दोन-दोन फुटी तुकडे घेऊन चढायच्या. कंडक्टर विचारायचा, "आजी, प्लंबिंगचं काम का?" त्या म्हणायच्या, "हो." आणि खिडकीबाहेर बघायच्या.

रागावल्या की त्यांचा आवाज चढायचा नाही, खाली जायचा. शेवटच्या वर्षात तो इतका खाली गेला होता, की शेजारी बसून मला वाकावं लागायचं.

श्यामला खोपकर. वय चौसष्ट. मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात छत्तीस वर्षं एक्स-रे विभागात. टेक्निशियन म्हणून लागल्या, त्या विभागाच्या रेडिएशन सुरक्षा अधिकारी म्हणून निवृत्त झाल्या. मग पेणला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या. एकट्या. पुण्याला एक भाचा.

मी पेणच्या एका खासगी क्लासमध्ये दहावीला मराठी शिकवते. कासूहून येऊन-जाऊन. तीन वर्षांपूर्वी त्या क्लासवर आल्या आणि म्हणाल्या, "साधं मराठी लिहिणारं कोणी आहे का इथे?"

सरांनी माझ्याकडे बोट केलं. "ही एम.ए. आहे, मराठी साहित्य."

"म्हणजे नसणार," श्यामलाताई म्हणाल्या. तरी मला घेऊन गेल्या.

काम सूचना लिहिण्याचं होतं. डॉक्टर इंग्रजी वाचतात, पण बटण दाबणाऱ्या मुली आणि लादी पुसणाऱ्या मावश्या मराठी वाचतात, असं त्यांचं म्हणणं. मी पहिली सूचना लिहिली: "सर्वांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने कृपया दरवाजा व्यवस्थित बंद असल्याची खात्री करावी." त्यांनी ती खोडून खाली लिहिलं: "दार लोटलेलं म्हणजे बंद नव्हे." मग अहवाल आले. मी लिहिलं, "दार धोकादायकरीत्या उघडे होते." त्या म्हणाल्या, "विशेषणं काढ. किती उघडं होतं ते लिही. चार बोटं." पाच वर्षं कॉलेजात कोणी मला हे शिकवलं नव्हतं.

पेण आणि रोहा तालुक्यातल्या खासगी डॉक्टरांची एक संघटना आहे. तिने श्यामलाताईंना मानद रेडिएशन सुरक्षा सल्लागार नेमलं होतं. लेटरहेडवर छापायला एक नाव हवं होतं. शाल, नारळ, गुच्छ, फोटो. दुसऱ्या दिवशी श्यामलाताईंनी सचिवांना फोन करून विचारलं, आपल्याकडे एक्स-रे मशिनं किती जागी आहेत? सचिवांना माहीत नव्हतं. कोणालाच नव्हतं. त्यांनी दोन महिने फिरून यादी केली. तेवीस जागा. मग त्या तेवीस जागी जायला लागल्या. कोणी बोलावलं नव्हतं. पण नको म्हणायला कोणाकडे कारणही नव्हतं.

सगळे वाईट नव्हते, हे लिहायला हवं. पेणच्या एका दंतवैद्यांनी आठवड्याभरात दार बदललं. नागोठण्याच्या एका डॉक्टरीणबाईंनी भिंतीची जाडी मोजायला स्वतः शिडी धरली. त्याने माझा राग कमी होत नाही.

राग रोह्याचा आहे.

रोह्याचं हॉस्पिटल डॉ. यज्ञेश चौबळ यांचं. हाडांचे डॉक्टर. संघटनेचे अध्यक्ष. हात चांगला. खांबपासून कोलाडपर्यंत हायवेवर आपटलेल्यांचे पाय त्यांनीच उभे केलेत. त्यात माझा मामाही आला. त्यांच्या ऑपरेशन थिएटरमध्ये सी-आर्म नावाचं मशिन आहे. हाड जुळवत असताना ते आतलं चित्र पडद्यावर दाखवतं. जितके सेकंद चित्र दिसतं, तितके सेकंद किरण चालू असतात, आणि रुग्णाच्या अंगावरून आजूबाजूला उडतात. म्हणून आत उभं राहणाऱ्याने शिशाचा एप्रन घालायचा. आणि छातीवर एक छोटा बॅज लावायचा. अंगावर किती रेडिएशन आलं ते हा बॅज साठवतो. दर तीन महिन्यांनी तो प्रयोगशाळेत जातो आणि त्याचा आकडा परत येतो.

हे मला आता पाठ आहे. तेव्हा नव्हतं.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आम्ही रोह्याला गेलो. थिएटर रिकामं होतं. सीताबाई नावाच्या मावशी एप्रनांची घडी करत होत्या. मधोमध एक, मग पुन्हा एक. कोपऱ्याला कोपरा. कपाटात तीन एप्रन एकावर एक, दुकानातल्या शालूंसारखे.

"सुरेख घडी करता हो," श्यामलाताई म्हणाल्या.

"शाळा नाय शिकली बाई मी, पन घडी बघा माझी," सीताबाई म्हणाल्या. "नव्या पोरींना जमंल का? अकरा वरसं मीच करतंय. रोजच्या रोज."

चौथा एप्रन वेगळा होता. हलका, निळा, खिशावर डॉक्टरांचं नाव भरतकाम केलेलं. तो हँगरवर होता.

"याची नाही करत घडी?"

"त्याला हात नाय लावायचा. सायबांचा हाय."

श्यामलाताईंनी टेक्निशियन मुलीला बोलावलं. समीक्षा. चोवीस वर्षांची. नवरा आदर्श धाटावच्या कंपनीत शिफ्टला. "सगळ्यात वरचा एप्रन टेबलावर पसर," त्या म्हणाल्या, "आणि त्याचाच एक्स-रे काढ." समीक्षा हसली. मग काढला.

शिसं शाबूत असेल तर फिल्मवर एप्रन अखंड पांढरा येतो. हा पांढरा आला, आणि कमरेच्या बरोबर मधून एक काळी रेघ. तिच्या खाली-वर बारीक फांद्या.

सीताबाई जवळ आल्या. "ही रेघ कसली?"

"घडी केली की आतलं शिसं चिरतं. एप्रन लटकवायचा असतो, जाड गोल दांड्यावर."

"मंग अकरा वरसं सांगितलं का नाय मना कोनी?"

श्यामलाताईंचा आवाज खाली गेला. "तुमची चूक नाही," त्या म्हणाल्या. पिशवीतून पाइप काढले आणि भिंतीत जिथे ठोकायचे तिथे पेन्सिलने खुणा केल्या.

सीताबाई पाण्याची बादली घेऊन बाहेर गेल्या. समीक्षा अजून फिल्म धरून होती. रेघेवर तिचा अंगठा होता.

"मॅडम, ही चीर नेमकी पोटावर येते ना?"

श्यामलाताईंनी तिच्याकडे पाहिलं. "कितवा?"

"तिसरा लागलाय."

"सांगितलंस इथे?"

"नाय. माझ्या आधी अनिता होती. तिने सांगितलं. सरांनी अभिनंदन केलं, पेढे मागवले. महिन्याभरात दुसरी मुलगी आली. ती दुसरी म्हणजे मी." ती थांबली. "तुम्ही पण सांगू नका. शप्पथ घ्या."

"शपथ घेत नाही मी. सांगणार नाही."

मग श्यामलाताईंनी तिला हाताला धरून मशिनपाशी उभं केलं. तू कुठे उभी राहतेस? इथे. आता मागे ये. एक पाऊल. अजून एक. "इथे उभी राहा. दोन पावलांनी फार फरक पडतो. आणि बॅज एप्रनच्या आत लावायचा. कुठे आहे तुझा बॅज?"

"सरांकडे."

डॉ. चौबळ केबिनमध्ये पोहे खात होते.

"या, या ताई. बस गं मुली तू पण. पोहे सांगू?"

"बॅज कुठे आहेत डॉक्टर?"

"आहेत की. अगदी सुरक्षित." त्यांनी ड्रॉवर ओढला. स्टेपलर, औषध कंपनीची पेनं, आणि प्लास्टिकच्या पिशवीत पाच बॅज, वर रबर बँड.

याची एक कथा होती. दोन वर्षांपूर्वी कोणीतरी बॅजसकट एप्रन थिएटरमध्येच खिळ्याला अडकवून ठेवला. मशिनच्या शेजारी. तीन महिने तो बॅज खिळ्यावर किरण खात होता. आकडा मोठा आला. रेडिएशन सुरक्षेच्या सरकारी कार्यालयाचं मुंबईहून पत्र आलं: ही व्यक्ती कोण, इतका डोस कसा, खुलासा करा. डॉक्टरांनी तीन खुलासे लिहिले. परवान्याचं नूतनीकरण दोन महिने लटकलं. यातून कोणीही शिकेल, की बॅज खिळ्याला लावू नये, माणसाला लावावा. डॉक्टर शिकले, की बॅज ड्रॉवरमध्ये ठेवावा.

"त्यानंतर सहा तिमाह्या झाल्या ताई," ते म्हणाले. "सगळ्यांचे आकडे शून्य. तुमच्या फाइलला लावायला किती छान."

"ते शून्य तुमच्या ड्रॉवरचं आहे."

"चला, ड्रॉवर सुरक्षित आहे एवढं तरी सिद्ध झालं."

विनोद वाईट नव्हता. मला हसू आलं नाही.

"तुमचाही बॅज यातच आहे," श्यामलाताई म्हणाल्या. "तुमच्या अंगावर किती आलं, ते तुम्हालाही माहीत नाही."

"मला काय होतंय? आमचे बाबा तर फिल्म हाताने धरून एक्स-रे काढायचे. ब्याऐंशी वर्षं जगले."

"त्यांची बोटं?"

डॉक्टरांनी चमचा ठेवला. त्यांच्या वडिलांच्या उजव्या हाताची दोन बोटं पेरापासून कापलेली होती. रोह्यात हे सगळ्यांना माहीत आहे.

"एप्रन मागवतो नवे," ते म्हणाले. "आजच मागवतो. पण बॅजचं म्हणाल, तर मला पुन्हा ती पत्रं नकोत. तुम्ही सल्लागार आहात. सल्ला दिलात. मी ऐकला."

"ऐकलात. करणार काय?"

"मला एक माणूस दाखवा ताई. इथे काम करून ज्याला काही झालं असा एक माणूस. दाखवा, उद्या सगळं बदलतो."

काचेपलीकडे समीक्षा रुग्णांच्या खुर्च्या नीट लावत होती. मी तोंड उघडलं. टेबलाखाली श्यामलाताईंचा पाय माझ्या पायावर आला. जोरात.

"दाखवता येत नाही," त्या म्हणाल्या.

"मग झालं," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी बशी पुढे ओढली.

परतीच्या गाडीत डबा अर्धा रिकामा होता. कासूला मला उतरायचं होतं. मी भांडले. सांगून टाकलं असतं तर काय बिघडलं असतं?

"ते म्हणाले ना, सगळं बदलतो. आधी तिलाच बदललं असतं."

"मग मुंबईला तक्रार करा."

"तक्रार केली की थिएटर बंद. ते बंद झालं की पहिली घरी कोण जाणार? आणि लिहू काय? माझ्याकडे आकडा नाही. आकड्याशिवाय तक्रार म्हणजे तुझी विशेषणं."

"किती आलं असेल तिच्या अंगावर?"

"बहुतेक फार थोडं. बाळाला काही व्हावं इतकं नसणार."

"मग झालं की," मी म्हणाले. डॉक्टरांचेच शब्द. त्यांनी मान फिरवून माझ्याकडे पाहिलं.

"बहुतेक हा आकडा नव्हे, नूतन. त्या मुलीच्या पोटावर चीर आहे हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. मी दाखवलं तिला. आता मला आकडा द्यावाच लागेल."

जानेवारीत संघटनेची वार्षिक सभा पेणला झाली. हॉलच्या मागे जेवणाची तयारी चालू होती. श्यामलाताईंनी पाच मिनिटं मागितली होती. 'आयत्या वेळचे विषय' यात त्यांना तीन मिळाली. त्यांनी फिल्म खिडकीच्या काचेवर धरली. हॉस्पिटलचं नाव घेतलं नाही. म्हणाल्या, तेवीसपैकी नऊ जागी एप्रनांची घडी होते, आणि सहा जागी बॅज माणसाच्या अंगावर नसतो. हे बदलायला एक दिवस लागेल.

मागून कोणीतरी म्हणालं, "मॅडम, एप्रनलाच फ्रॅक्चर झालंय. चौबळांकडे पाठवा."

हशा झाला. चौबळही हसले. हॉस्पिटल कोणतं ते त्यांना आणि आम्हा दोघींनाच माहीत होतं.

मग ठराव आला. मानद सल्लागारांनी यापुढे केंद्रप्रमुखांच्या निमंत्रणावरूनच भेट द्यावी. सूचक, अनुमोदक, एकमताने मंजूर. त्यानंतर शाल. श्यामलाताईंनी ती घेतली. मला ते आवडलं नाही, आणि मी तसं म्हणाले. त्या म्हणाल्या, "शाल द्यायला शिपायाला उभं केलं होतं. त्याच्यावर काय राग काढू?"

त्या दिवसानंतर निमंत्रण एकही आलं नाही. आकडा मोजायला त्यांनी दुसरी वाट धरली.

थिएटरच्या वहीत प्रत्येक ऑपरेशनला मशिन किती सेकंद चाललं ते लिहिलेलं असतं. समीक्षाने आधी मागच्या महिन्यांच्या पानांचे फोटो पाठवले, मग रोज त्या दिवसाच्या पानाचा पाठवायची. सोबत लिहायची: मी कुठे उभी होते, कोणता एप्रन होता, बॅज कुठे. बॅजपुढे रोज एकच शब्द. ड्रॉवर. श्यामलाताईंनी मोठ्या कागदावर रकाने आखले. तारीख. ऑपरेशन. सेकंद. उभी कुठे. एप्रन कोणता. आणि सहावा रकाना, अंगावर आलेला डोस. पहिले पाच मी भरायचे, त्या सांगायच्या. सहावा मोजल्याशिवाय भरता येत नव्हता.

पाचव्या महिन्यात पोट दिसायला लागलं. डॉ. चौबळांनी अभिनंदन केलं. पेढे आले. समीक्षाला थिएटरमधून काढून स्वागत-टेबलावर बसवलं. ती खूश झाली. "बघा मॅडम, सर चांगले हायत," तिने फोनवर सांगितलं. पाच आठवड्यांनी सर म्हणाले, आता घरी आराम कर, नंतर बघू. जागी नवी मुलगी आली. तिचा बॅज कुठे आहे, मला माहीत नाही. म्हणजे माहीत आहे.

नवे एप्रन आले तेव्हा जुने भंगारात जायचे होते. कमरेला चिरलेला तो एक सीताबाईंनी साडीत लपवून बाहेर काढला आणि रोहा स्टँडवर आमच्या हातात दिला. "तुमी मोजनार हाय ना? मंग हाच लागंल," त्या म्हणाल्या. "त्या पोरीला सांगा गो, मी मुद्दाम नाय केलं."

मीच सांगितलं समीक्षाला. तिला आधीच माहीत होतं.

एप्रिलमध्ये समीक्षा तपासणीला अलिबागला गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, एक्स-रेचं काम करायचीस, मग डोस किती होता? तिने बॅजचे रिपोर्ट दाखवले. शून्य, शून्य. बाई म्हणाल्या, छान, काळजी नाही. समीक्षा बाहेर येऊन बाकावर बसली आणि तिथूनच तिने फोन केला.

"मॅडम, त्या ते खरं समजल्या. मी खोटं दाखवलं. मला खरा आकडा पाहिजे. जास्त आला तरी चालंल. निदान मला कळंल तरी."

"शुक्रवारपर्यंत देते," श्यामलाताई म्हणाल्या.

मला त्यांचाही राग येतो. वार कशाला सांगितला?

खांबला एका वयस्कर डॉक्टरांकडे त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं मशिन आहे. त्यांनी बुधवारी सकाळी या म्हटलं. बेत साधा होता. माणसाचं अंग म्हणजे मुख्यतः पाणी. म्हणून रुग्णाच्या जागी पाण्याचा कॅन ठेवायचा. मशिन चालवायचं. समीक्षा सुरुवातीला जिथे उभी राहायची तिथे श्यामलाताईंचं रेडिएशन मोजायचं मीटर धरायचं, मग दोन पावलं मागे. एकदा उघडं, एकदा चिरलेल्या एप्रनच्या आड. दोन तासांचं काम. बाकी गुणाकार.

मी सोबत जाणार होते. क्लासमध्ये दहावीच्या नव्या मुलांची चाचणी निघाली. मी म्हटलं, गुरुवारी जाऊ. त्या म्हणाल्या, शुक्रवार म्हटलंय मी, तू पेपर घे.

बुधवारी सव्वासात वाजता पेणच्या स्टँडवर त्या बाकावर बसल्या होत्या. मांडीवर तो एप्रन, पायाशी रिकामा कॅन आणि पिशवी. रोहा गाडी लागली. बाकीचे चढले. कंडक्टरने हाक मारली. त्या उठल्या नाहीत. कंडक्टर खाली उतरून जवळ गेला, तेव्हा त्याला कळलं. हृदय बंद पडलं होतं. मला क्लासवर फोन आला तेव्हा मुलं निबंध लिहीत होती. मी पर्यवेक्षण पूर्ण केलं. पेपर गोळा केले, गठ्ठा बांधला, मग गेले. का, ते मला अजून सांगता येत नाही.

भाचा आला, सगळं रीतसर केलं आणि सामान घेऊन गेला. मीटरही गेलं. मी कागद मागितले. ते त्याने लगेच दिले.

संघटनेने शोकसभा घेतली. डॉ. चौबळांनी भाषण केलं. त्यांचे डोळे खरंच भरून आले होते. नाटक करणारा माणूस नाही तो. मला तेच सहन होत नाही. मग सचिवांनी ठराव वाचला. मी तो शब्दशः उतरवून घेतला: "त्यांच्या बहुमोल मार्गदर्शनामुळेच संघटनेच्या सभासद केंद्रांतील कर्मचाऱ्यांचे डोस सातत्याने शून्य राहिले."

सगळे उभे राहिले. दोन मिनिटं शांतता. मी बसून राहिले. शेजारच्या बाईंनी माझ्या कोपराला हात लावला. मी तरी उठले नाही.

सभेनंतर मी डॉ. चौबळांना गाठलं. म्हटलं, शून्य हा शब्द ठरावातून काढा.

"अगं, त्यांचं कौतुकच आहे ते."

"त्या शून्याशी त्या शेवटपर्यंत भांडत होत्या. तुमच्याशी. तुमच्या केबिनमध्ये. मी तिथे होते."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तू दुःखात आहेस बाळ," ते म्हणाले.

मी हात बाजूला केला.

मग मी आकड्याच्या मागे लागले. खांबचे डॉक्टर म्हणाले, मशिन चालवून देतो, पण मोजणार कोण? मुंबईत रेडिएशन मोजणाऱ्या तिघांना फोन केले. पहिले म्हणाले, संघटनेचं पत्र आणा. दुसरे म्हणाले, अधिकृत बॅजचा रिपोर्ट शून्य असताना आम्ही मध्ये कसे पडणार? तिसऱ्या बाई श्यामलाताईंच्या हाताखाली शिकलेल्या निघाल्या. त्या फोनवर रडल्या. येते म्हणाल्या. सध्या परदेशात आहेत, ऑगस्टअखेर येतील. समीक्षाला तारीख जुलैची दिली आहे.

मुंबईला मी तक्रारही पाठवली. ड्रॉवर, पिशवी, रबर बँड, पाच बॅज, तारीख. विशेषण एकही नाही. पोच आली आहे.

समीक्षा दर दोन-चार दिवसांनी मेसेज करते. आधी लिहायची, "ताई, आकडा?" आता नुसती गुड मॉर्निंगची फुलं पाठवते. मला कळतं. मी उत्तर देते की बाळ ठीक असणार, त्या म्हणाल्या होत्या फार थोडं असेल. पाठवते, आणि मलाच ते डॉ. चौबळांनी लिहिल्यासारखं वाटतं.

कागद माझ्या टेबलावर आहे. वर कोपऱ्यात मंगळवारची तारीख, त्यांच्या अक्षरात. खाली समीक्षाच्या थिएटरमधल्या दिवसांच्या त्रेसष्ट ओळी. तारीख, ऑपरेशन, सेकंद, उभी कुठे, एप्रन कोणता, सगळं भरलेलं. सेकंदांची बेरीज त्यांनी दोनदा तपासून बरोबरची खूण केली आहे. सहाव्या रकान्यावर त्यांनी लिहिलंय, "खांबला मोजून." त्याखाली त्रेसष्ट चौकटी कोऱ्या आहेत.